रिव्हॉल्व्हरची मूठ: हस्तिदंत, शिंपला, शिंग आणि खाडीची हवा

रिव्हॉल्व्हरच्या मुठीचा पोलादी सांगाडा बहुधा हत्याराच्या मुख्य चौकटीचाच भाग असतो. त्याच्या दोन अंगांना दोन पट्ट्या बसवलेल्या असतात आणि आरपार जाणारा एक स्क्रू त्या आवळून धरतो. काही जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरांना दोन पट्ट्यांऐवजी एकाच लाकडातून कोरलेली अखंड मूठ असे. नळी, चक्र, घोडा, चाप हे सगळे कारखान्यात ठरलेल्या मापाने तयार होते. त्यात गिऱ्हाइकाच्या पसंतीला फारशी जागा नसते. पट्ट्यांचे तसे नाही. एक स्क्रू फिरवला की त्या निघतात आणि दुसऱ्या बसतात. हजारोंच्या संख्येने निघालेल्या एकसारख्या हत्यारांत एखाद्या मालकाची आवड आणि ऐपत दिसते ती इथेच. जुन्या रिव्हॉल्व्हरांचा संग्रह करणारे आणि त्यांची निगा राखणारे लोक नळीच्या आधी मूठ पाहतात, ते यासाठी.

सॅम्युअल कोल्टला फिरत्या चक्राच्या हत्याराचे अमेरिकी पेटंट १८३६ मध्ये मिळाले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याची रिव्हॉल्व्हर मांडली गेली, तेव्हा समोर रॉबर्ट ॲडम्सचे इंग्रजी रिव्हॉल्व्हर होते. ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर ही दोन्ही हिंदुस्थानात आली आणि १८५७ च्या लढायांत वापरली गेली. पुढे बर्मिंगहॅमच्या वेब्लीने बाजार काबीज केला. वेब्लीचे पहिले सरकारी मॉडेल १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारले. मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचे दुकान १८९१ मध्ये उघडले आणि इथल्या गोऱ्या अधिकाऱ्याला विलायती माल इथेच मिळू लागला. सैनिकी वेब्लीची नेहमीची मूठ कठीण रबराची, वर चौकटीची खरड असलेली. घामाने ओला झालेला हात त्या खरडीवरून सरकत नाही. अक्रोडाचे लाकूड त्याच्या आधीपासून चालत आलेले. हस्तिदंत, शिंपला, सांबरशिंग हे मात्र वेगळे पैसे मोजून मागवायचे प्रकार होते; बक्षीस, निरोपाची भेट, लग्न, बढती अशा निमित्ताने ते केले जात. अमेरिकेत गुस्ताव्ह यंगसारख्या कोरीवकारांनी कोल्टची पोलादी अंगे नक्षीने भरून काढली आणि अशा हत्यारांना बहुधा हस्तिदंती मूठच बसवली जाई. दुसऱ्या महायुद्धातल्या जनरल पॅटनच्या कमरेचे कोल्ट जगप्रसिद्ध झाले तेही त्याच्या हस्तिदंती पट्ट्यांमुळे, ज्यांच्यावर त्याची आद्याक्षरे कोरलेली होती. ते हत्यार त्याने १९१६ मध्ये विकत घेतले होते.

महाराष्ट्रात मुठीकडे पाहण्याची नजर रिव्हॉल्व्हर येण्याच्या कितीतरी आधीची आहे. तलवारीची मुल्हेरी मूठ जाणकार दुरूनही ओळखतात. लोखंडावर सोन्याची तार ठोकून बसवायची कोफ्तगरी आणि मुठीवरची मीनाकारी यांचे नमुने राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक शस्त्रसंग्रहात आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा घराण्याने दिलेल्या संग्रहांतून आलेल्या वस्तूंसह मोठा शस्त्रविभाग आहे. तिथल्या मोगल कट्यारींच्या जेडच्या मुठी पाहिल्या की लक्षात येते, की पाते बनवणारा आणि मूठ घडवणारा हे वेगळे कारागीर होते आणि मानाची वस्तू ठरायची ती मुठीवरून. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर घरगुती कलावस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. त्यातले अडकित्ते, दिवे, हस्तिदंताची लहानसहान कामे हाच मूठ शिकण्याचा उत्तम वर्ग आहे, कारण तिथे काचेमागे एकाच खोलीत हाड, शिंग, दंत आणि लाकूड शेजारीशेजारी दिसतात. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात तलवारी, बंदुका आणि शिकारीच्या खुणा एकत्र मांडलेल्या आहेत. शिकार आणि हत्याराची मूठ यांचा संबंध तिथे न सांगता कळतो.

कोकणात शिंगकामाची परंपरा होती. विजयदुर्गला गव्याच्या शिंगाच्या वस्तू घडवणारे सुतार एकोणिसाव्या शतकात काम करत होते, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. शिंग उकळत्या पाण्यात मऊ करायचे, दाबून सपाट करायचे, मग तासायचे आणि तेलाने चकाकी आणायची, ही रीत हत्याराच्या मुठीला जशीच्या तशी लागू पडते. वसई तालुक्यातल्या जूचंद्रसारख्या गावाचा संबंध हत्यारांशी जोडायचा तर आधी वसईचा किल्ला आठवतो. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. पण मुठींच्या निगेच्या कामात जूचंद्रचे महत्त्व त्या इतिहासापेक्षा तिथल्या हवेमुळे आहे. एका अंगाला खाडी, जवळच मिठागरे, पावसाळ्यात भिंतींना येणारा ओलावा. धातू आणि दंत एकत्र बसवलेली वस्तू जपायची तर याहून कठीण जागा शोधूनही सापडायची नाही.

अशी वस्तू हातात आली की सर्वांत आधी ती रिकामी आहे का हे पाहिले जाते, तेही परवानाधारकाने स्वतः. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवाना नसलेल्या माणसाला हत्यार बाळगता येत नाही. दुरुस्तीसाठी ते नेता येते, पण परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर. म्हणून मुठीचे निरीक्षण मालकासमोर, त्याच्याच टेबलावर किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात होते. ही अडचण वाटली तरी प्रत्यक्षात तिचा फायदा होतो. पट्टी उलटवली जात असताना मालक शेजारी बसलेला असतो आणि कुटुंबात आजवर सांगितली गेलेली हकीकत तिथेच बाहेर येते. ती हकीकत लिहून घेणे हे पट्टी मोजण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

स्क्रू काढण्याचा क्षण नाजूक असतो. जुन्या स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असाच पेचकस लागतो. सैल पेचकस खाच चेचतो आणि तो ओरखडा कायमचा राहतो. स्क्रू निघाला की पट्टी ओढायची नाही. ती हलक्या हाताने बाजूला सरकली पाहिजे. न सरकल्यास तिच्या आणि चौकटीच्या मध्ये गंज धरला आहे असे समजावे आणि तिथेच थांबावे. पट्टी निघाली की तिची आतली बाजू दिसते आणि बहुतेक वेळा सगळे उत्तर तिथेच असते. बाहेरची बाजू घासली गेलेली, हाताळलेली, कधी रंगवलेली असते. आतली बाजू कापणाऱ्याच्या करवतीच्या खुणांसह जशी होती तशी राहते. स्मिथ अँड वेसनच्या लाकडी पट्ट्यांच्या आत हत्याराचा क्रमांक पेन्सिलने लिहिलेला किंवा ठोकलेला सापडतो. तो क्रमांक चौकटीवरच्या क्रमांकाशी जुळला तर मूठ कारखान्यापासून त्याच हत्याराची आहे हे सिद्ध होते. पेन्सिलीच्या त्या फिकट आकड्यांवरून बोट फिरवण्याचा मोह आवरावा लागतो; तो पुरावा एका घासण्यात पुसला जाऊ शकतो.

हस्तिदंत ओळखण्याची खात्रीची खूण त्याच्या छेदात असते. दाताचा आडवा काप पाहिला तर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. तिला श्रेगर रेषा म्हणतात. बाहेरच्या कडेजवळ या रेषांमधला कोन हत्तीच्या दातात ११५ अंशांहून मोठा, तर हिमयुगातल्या मॅमथच्या दातात ९० अंशांहून लहान असतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सैबेरियात बर्फाखालून निघणारा मॅमथचा दात जगाच्या बाजारात हत्तीच्या दाताच्या जागी विकला जातो. मुठीच्या पट्टीत ही जाळी सहसा खालच्या टोकाला, जिथे पट्टी आडवी कापलेली असते तिथे दिसते. बाजूंवर तिच्या जागी लांबट, लहरी रेषा येतात. भिंगाशिवाय निर्णय देऊ नये. हाडात ही जाळी कधीच नसते. त्यात रक्तवाहिन्यांच्या नलिका असतात, त्यांच्यात मळ बसून बारीक काळसर ठिपके किंवा रेघा उमटतात. दिव्याच्या तिरप्या उजेडात हे ठिपके स्पष्ट होतात.

हस्तिदंत म्हणून आलेल्या पट्ट्यांत सेल्युलॉइडही निघते. कृत्रिम दंत बनवण्याच्या खटपटीतूनच जॉन वेस्ली हायटने १८७० च्या सुमारास ते बाजारात आणले. त्यात दातासारख्या रेषा छापलेल्या असतात, पण त्या सरळ आणि अगदी समांतर. खऱ्या दातातली रेषा इतकी शिस्तीत चालत नाही. अंगठ्याने जोरात घासून हुंगले तर कापराचा वास येतो, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूरच असतो. तापलेली सुई टोचून पाहण्याची जी पद्धत सर्रास सांगितली जाते ती कधीही वापरू नये. हस्तिदंतावर डाग राहतो आणि सेल्युलॉइड पेट घेते. शिवाय जुने सेल्युलॉइड सडू लागले की त्यातून आम्लाचे वाफारे निघतात आणि खालचे पोलाद पट्टीच्या आकारात गंजते. अशा वेळी पट्टी हत्यारापासून वेगळी ठेवावीच लागते.

खोटा निघालेला दंत कुटुंबाला सांगणे हे या कामातले सगळ्यात अवघड वळण आहे. आजोबांनी संस्थानिकाकडून भेट मिळवल्याची हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली असते आणि तिचा आधार ती पिवळसर मूठ असते. ती हाडाची किंवा सेल्युलॉइडची आहे म्हणून हकीकत खोटी ठरत नाही. भेट म्हणून दिल्या गेलेल्या हत्यारांवरही हाडाच्या पट्ट्या असत आणि नंतरच्या एखाद्या मालकाने फुटलेला दंत काढून हाड बसवलेले असू शकते. आतल्या बाजूची जुनी झीज, स्क्रूच्या भोकाचा आकार आणि चौकटीवर उरलेली जुन्या पट्टीची सावली पाहिली तर पट्टी बदलली गेली की नाही हे बहुधा सांगता येते. हे सगळे दाखवून सांगितले तर लोक ऐकतात. नुसता निकाल सांगितला तर दुखावतात, आणि त्यात त्यांचे चुकत नाही.

शिंपल्याची मूठ दंताहून वेगळी विद्या आहे. मोत्याच्या शिंपल्याचे आतले अस्तर ॲरॅगोनाइट या चुनखडीच्या अतिशय पातळ पट्टिकांच्या थरांचे असते. एकेका पट्टिकेची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असल्यामुळे परतणाऱ्या किरणांचे रंग फुटतात आणि पट्टी तिरपी केली की गुलाबी, हिरवा, निळा असे पालटत जातात. मोठ्या शिंपल्याचा व्यास तीस सेंटिमीटरपर्यंत जातो. तो ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरून आणि फिलिपिन्सच्या समुद्रातून येई. मोती आणि शिंपला यांच्या आखाती व्यापारात मुंबई ही मोठी पेठ होती. पण शिंपला कितीही मोठा असला तरी तो वाकडा असतो, आणि सपाट, जाड तुकडा त्यातून थोडाच निघतो. म्हणूनच शिंपल्याच्या पट्ट्या खिशातल्या लहान रिव्हॉल्व्हरांवर अधिक आढळतात. मोठ्या सैनिकी हत्याराच्या पूर्ण लांबीची, जाड आणि डागरहित शिंपल्याची जोडी क्वचितच दिसते, आणि दिसली की आधी कृत्रिम पदार्थाची शंका घ्यावी. खरा शिंपला स्पर्शाला थंड असतो आणि त्याच्या कडेवर भिंगातून थर दिसतात. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जो शिंपला लावत तो वेगळा, पातळ आणि ठिसूळ असतो. त्याच्यापासून मूठ होत नाही.

जूचंद्रचे नाव महाराष्ट्रात रांगोळीसाठी घेतले जाते. इथले कलाकार दिवाळीच्या प्रदर्शनांत माणसाच्या चेहऱ्यावरची चमक, डोळ्यातला ओलावा कोरड्या भुकटीतून उभा करतात. शिंपल्याच्या मुठीचे टिपण करताना हीच नजर लागते. एका बाजूने घेतलेल्या छायाचित्रात शिंपला पांढरा येतो, दुसऱ्या बाजूने हिरवा. म्हणून एकाच पट्टीची छायाचित्रे दिवा हलवून वेगवेगळ्या कोनांतून घेतली जातात आणि पांढऱ्याच्या कोणत्या छटा आहेत हे शब्दांतही लिहिले जाते. ‘पांढरा’ एवढ्याने भागत नाही. दुधाळ, राखी, मोतिया, पिवळट असे नेमके लिहिले तर वीस वर्षांनी पाहणाऱ्याला रंग बदलला का ते समजते.

सांबरशिंगाच्या पट्ट्या महाराष्ट्रातल्या जुन्या घरांतून सर्वाधिक येतात, हे नवल नाही. हिंदुस्थानातले सांबरशिंग शेफिल्डच्या सुरीकारांकडे मोठ्या प्रमाणावर जाई आणि तिथून मुठींच्या रूपाने जगभर पसरे. शिंगाच्या बाहेरच्या खडबडीत, तपकिरी सालीसकट पट्टी कापायची आणि आतला सच्छिद्र गाभा काढायचा, ही रीत. पट्टी खोलवर घासून गुळगुळीत केली की साल जाते, आणि तिचे सौंदर्यही जाते. म्हैस आणि गव्याचे शिंग हे वेगळे द्रव्य आहे. ते हाड नसून केसानखांसारखे केराटिन असते. त्याला कसर लागते. कपाटात लोकरी कपड्यांबरोबर ठेवलेल्या शिंगी मुठीवर बारीक खड्डे पडलेले दिसले तर ते किडीचे काम समजावे. कठीण रबर, ज्याला लोक अजून चुकून गटापर्चा म्हणतात, ते उजेडात तपकिरी पडते आणि त्यातून सुटणारे गंधक शेजारच्या चांदीला काळे करते. चांदीचे नाव कोरलेला बिल्ला बसवलेली रबरी मूठ म्हणूनच बंद डबीत ठेवू नये.

निगेचा खरा पेच असा आहे, की पोलादाला कोरडी हवा हवी असते आणि हस्तिदंताला मध्यम ओलावा. आर्द्रता फार खाली गेली की दंत आकसतो. मधून स्क्रूने घट्ट आवळलेला असल्यामुळे त्याला आकसायला जागा मिळत नाही आणि स्क्रूच्या भोकापासून कडेकडे चीर निघते. आर्द्रता वर गेली की पट्टी फुगते, कडा उचलतात आणि उचललेल्या कडेखाली पाण्याचा अंश अडकून पोलाद गंजते. गंजाचा तपकिरी रंग दंतात शिरतो. जूचंद्रसारख्या जागी हवेत मिठाचे कणही असतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि गंजाला सुरुवात करून देते. खाडीकाठच्या घरात लोखंडी कपाटात, कातडी पाकिटात ठेवलेल्या वेब्लीची पट्टी काढली की आत नकाशासारखा पसरलेला गंज दिसतो, बाहेरून मात्र हत्यार चकचकीत असते. कातडे कमावताना वापरलेली आम्ले आणि त्यातला ओलावा हे त्याचे मुख्य कारण. कातडी पाकीट मिरवण्यासाठी आहे, साठवणीसाठी नाही.

त्यावर चालणारा उपाय मधला आहे. आर्द्रता पंचेचाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवायची, वरखाली होऊ द्यायची नाही. पोलादाला सूक्ष्म स्फटिकी मेणाचा पातळ लेप द्यायचा आणि त्यावर मऊ कापड फिरवायचे. तेल पट्टीच्या खाली झिरपू द्यायचे नाही, कारण ते दंतात शिरून काळपट डाग पाडते. घामाने दंत पिवळा पडतो, म्हणून हातमोजे घालावेत. शिंपल्याला लाकडी कपाट चालत नाही. लाकडातून आणि काही चिकटद्रव्यांतून निघणारे आम्लाचे वाफारे शिंपल्यावर पांढरी पूड आणतात. शिंपल्यांच्या संग्रहातला हा विकार १८९९ मध्ये बायन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने वर्णिला म्हणून त्याच्या नावाने ओळखला जातो. साध्या घरात हे सगळे नीट करायचे तर घट्ट झाकणाचा निष्क्रिय प्लॅस्टिकचा डबा, ठरावीक आर्द्रतेला आणलेली सिलिका जेलची पिशवी आणि आत एक लहान आर्द्रतामापक एवढे पुरते. पावसाळ्यात तो डबा वारंवार उघडू नये.

कायद्याचा भाग मात्र कोणत्याही संग्राहकाने सगळ्यात आधी समजून घ्यायला हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुकवर्गीय हत्यारे ठेवता येतात. आधी ही मर्यादा तीन होती. वारशाने आलेली हत्यारेही यातच मोजली जातात. त्यामुळे रिव्हॉल्व्हरांचा मोठा खाजगी संग्रह भारतात आता सामान्य मार्गाने शक्य नाही. जुन्या बनावटीचे किंवा पुरातन मूल्याचे, दुरुस्तीनेही चालू न होणारे हत्यार अधिनियमाच्या ४५ व्या कलमाखाली वगळलेले आहे. पण एखादे हत्यार तसे आहे हे मालकाने मानून चालत नाही, ते सक्षम अधिकाऱ्याकडून लेखी करून घ्यावे लागते. हत्याराचे भागही ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात, म्हणून सुट्या पट्ट्या विकत घेण्याआधीही परवाना प्राधिकाऱ्याला विचारणे शहाणपणाचे. जूचंद्र आता मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहे. ते आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० पासून काम करते.

मुठीच्या द्रव्याचा कायदा वेगळा आहे आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ च्या दुरुस्तीने आणि आयात केलेल्या आफ्रिकी दंतावर १९९१ च्या दुरुस्तीने बंदी आली. सांबरशिंगही वन्यप्राण्याचा अवशेष म्हणून व्यापाराबाहेर आहे, मग ते जंगलात गळून पडलेले असो. जुन्या हस्तिदंती मुठीवर मालकी प्रमाणपत्र असू शकते, पण ते ज्याच्या नावावर आहे त्यालाच उपयोगी पडते. वस्तू विकता येत नाही. ती वारशाने जाऊ शकते आणि वारसाने वारसा मिळाल्यापासून नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे जाहीर करायची असते. २०२२ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्र असणाऱ्याला वस्तू स्वेच्छेने शासनाकडे सुपूर्द करण्याचीही वाट दिली. शंभर वर्षांहून जुने हत्यार देशाबाहेर नेण्यावर पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ ची बंदी आहे. अशा परिस्थितीत दंताची मूठ काढून दुसऱ्या हत्याराला लावणे, ती घासून ‘नवी’ करणे किंवा तिच्या जागी हाड बसवून दंत वेगळा विकणे हे नुकसान तर आहेच, त्यातला शेवटचा प्रकार गुन्हाही आहे.

म्हणून आजच्या संग्राहकाचे खरे काम टिपणाचे आहे. हत्यार मालकाकडेच राहते; संग्रह होतो तो नोंदींचा, छायाचित्रांचा आणि मापांचा. दोन हत्यारांची मर्यादा आल्यापासून अनेक घरांतली जुनी रिव्हॉल्व्हर परवानाधारक विक्रेत्यांकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा झाली. तिथे ती हत्यारे म्हणून मोजली जातात. त्यांच्या मुठी कशाच्या आहेत, त्यावर कोणती अक्षरे आहेत याची नोंद कोणीच ठेवत नाही. ती नोंद जमा करण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या टेबलावर करणे शक्य असते आणि ती करण्यासारखी आहे. एका मुठीचे टिपण एका पानात मावते. हत्याराचा कारखाना, मॉडेल आणि क्रमांक. पट्टीची लांबी, रुंदी, जाडी. द्रव्य कोणते आणि ते कशावरून ओळखले. आतल्या बाजूच्या खुणा. स्क्रूचा आणि भोकाचा आकार. चिरा कुठे आणि किती लांब. अक्षरे असल्यास ती आहेत तशी उतरवून घेतलेली. कुटुंबाने सांगितलेली हकीकत, ती कोणी सांगितली आणि केव्हा. हकीकत आणि निरीक्षण वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे, एकात मिसळू नये. वेब्लीच्या सुरुवातीच्या मॉडेलांची मूठ खाली पक्ष्याच्या डोक्यासारखी वळते आणि टोकाला दोरी अडकवायची कडी असते. तिथली झीज पाहिली तर हत्यार कमरेला लटकवून वापरले की कपाटात ठेवले हे कळते, म्हणून कडीचेही छायाचित्र घ्यावे.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि वारसाच्या नावावर परवाना झाल्यावरच ते परत मिळते. या काळात पट्ट्या हत्यारावरच असतात. जमा करताना पावतीवर नुसते ‘रिव्हॉल्व्हर, एक’ लिहून घेण्याऐवजी मुठीचे द्रव्य आणि दोन्ही पट्ट्यांची स्थिती लिहून घ्यावी, टिपणाची एक प्रत पावतीला जोडावी आणि दुसरी परवान्याच्या कागदांबरोबर घरी ठेवावी. मूठ हस्तिदंताची असेल तर मालकी प्रमाणपत्राचा क्रमांकही त्याच पानावर नोंदवावा, कारण नव्वद दिवसांची वन्यजीव कायद्याची मुदत शस्त्रपरवान्याच्या अर्जासाठी थांबत नाही.